मडक्यातली जागा

संपतरावांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं काढली, पण घरात शेवटचा शब्द सुंदराबाईंचा. त्यांचं त्यात काही अडत नव्हतं. पौर्णिमेला पांढरं नेसून दोघं बुद्धवंदनेला बसत, तेव्हाही सुंदराबाई पुढे म्हणत आणि संपतराव मागून. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण वंदना पाठ करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

मुलगा योगेश हिंजवडीच्या कंपनीत होता. कंपनीने त्याला अमेरिकेला धाडलं, तेव्हा त्याने आपली खाऱ्या पाण्याची टाकी आईबापांकडे आणून ठेवली. टाकीत केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन जोकर मासे होते, एक मोठा, एक लहान. "बाबा, एकटा ठेवायचा नाहीतर जोडी. तिसरा घातला तर जीव घेतात त्याचा," एवढं बजावून तो गेला.

टाकीत एक फुटकं मडकं आडवं ठेवलेलं होतं. मोठा मासा मडक्यात झोपे आणि लहान बाहेर वाळूवर.

"हा मोठा म्हणजे तुम्ही," सुंदराबाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. "बारकी ती मी."

"आपल्या घरात तर उलटं हाय," संपतराव म्हणाले.

"गप बसा. मासे ऐकतात."

वर्षभराने एका सकाळी मोठा मासा पोट वर करून तरंगताना दिसला. सुंदराबाईंचा चेहरा पडला. "आठ दिवस उंबरा ओलांडायचा नाही तुम्ही," त्या म्हणाल्या.

"असलं सगळं आपण कधीच सोडलंय ना गं?"

"सोडलंय. तरी बसा."

संपतराव बसून राहिले. सहाव्या दिवशी दुपारी सुंदराबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप हातातून निसटलं आणि त्या तिथेच कलंडल्या. डॉक्टर यायच्या आत सगळं आटोपलं होतं.

महिनाभराने माशाचं खाणं संपलं म्हणून संपतराव कोपऱ्यावरच्या अभयच्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेले.

"एकच उरलाय का?" अभयने विचारलं.

"हो. नवरा गेला, बाई राहिली."

"पत्रिका बघितली होती का? आजोबा, यांच्यात मोठी असते ती बाई, लहान तो नवरा."

संपतरावांनी काउंटरची कड धरली. "म्हणजे जो उरलाय तो..."

"नर. पण फार दिवस नाही राहायचा. बाई गेली की तो वाढायला लागतो आणि दोनचार महिन्यांत स्वतःच बाई होतो. जागा रिकामी ठेवत नाहीत ते."

"थांबवता येतं?"

"मोठी मादी आणून सोडा. तिच्या धाकात राहील, आहे तसा. पण लवकर काय ते करा. एकदा बदलला की माघारी फिरत नाही." अभयने खाण्याचा डबा पुढे सरकवला. "एवढे घाबरताय कशाला? मासा बदलणार आहे, तुम्ही नाही."

संपतराव घरी येऊन टाकीसमोर बसले. मासा वाळूवर नव्हता. तो मडक्यात होता.

पुढे रोज तो थोडा मोठा दिसे. केशरी रंग काळवंडत चालला होता. टाकीत हात घातला की तो अंगावर धावून येऊन चावे. पूर्वी मोठीच तेवढी चावायची.

सुंदराबाईंना मिश्रीची सवय होती. संपतरावांना तो वास कधी सहन झाला नाही. एका पहाटे ते जागे झाले ते उंबऱ्यावर बसलेले. तोंड कडू झालेलं, तर्जनी काळीभोर. सुंदराबाईंची डबी मांडीवर उघडी पडली होती. त्यांनी हात साबणाने तीनदा धुतला. दुसऱ्या पहाटे बोट पुन्हा काळं.

मग एक दिवस शेजारची विजयमाला भाजीची वाटी घेऊन आली. "दादा, आहात का?" म्हणत ती दारात उभी राहिली. संपतराव उठले आणि त्यांचा उजवा हात आपोआप मागून डोक्याकडे गेला, पदर ओढून घ्यायला. पदर कुठून असणार? अंगात बंडी होती. विजयमाला त्या हाताकडे बघतच राहिली. वाटी उंबऱ्यावर ठेवून, पाठ न वळवता ती पायरी उतरली.

संपतराव तडक अभयकडे गेले. "सगळ्यात मोठी मादी दे."

योगेशने शिकवलं होतं तशी त्यांनी पिशवी तोंड न सोडता टाकीत तरंगत ठेवली, पाण्याची ऊब सारखी व्हावी म्हणून. मडक्यातला मासा बाहेर आला. आता तो नव्या मादीच्या तोडीचा झाला होता. त्याने बाहेरून पिशवीला धडक मारली. मग दुसरी.

"चाळीस वर्षं संसार केला, अन् सवत आणता व्हय?"

आवाज खोलीतच आला, जवळून, तसाच खणखणीत. संपतरावांनी मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांचाच गळा अजून थरथरत होता.

हात पिशवीच्या गाठीवर होता. गाठ सोडली तर ते होते तसे राहणार होते. पण हा आवाज पुन्हा कानावर पडणार नव्हता, आणि तो ऐकून किती महिने लोटले होते. डोळ्यांतलं पाणी टाकीत पडू नये म्हणून ते बाजूला झाले. त्यांनी पिशवी बाहेर काढली.

"काय झालं?" दुकानात अभयने विचारलं.

"घरात जागा नाही."

त्या संध्याकाळी पौर्णिमा होती. पांढरं नेसून, मेणबत्ती लावून ते हात जोडून बसले, सुंदराबाई बसायच्या त्या जागी. सवयीने क्षणभर वाट पाहिली. मग पुढे म्हणणारा आवाज सुरू झाला, न अडखळता, एकही शब्द न चुकता. टाकीत मासा मडक्याच्या तोंडाशी येऊन स्थिर झाला होता.

दर ओळीनंतर तो आवाज थोडा थांबत होता, मागून म्हणणाऱ्यासाठी. मागून कुणीच म्हणत नव्हतं.