संस्कृतीचे एकटीचे फोटो

अल्बम पोचून आठवडा झाला आणि संस्कृतीचा फोन आला. तनुजाला वाटलं, आभार मानायला असेल. रावेतच्या आपल्या फ्लॅटमधूनच ती लग्नाच्या फोटोंची कामं करायची, आणि अल्बम हातात पडला की बहुतेक मुली फोन करायच्याच.

"ताई, फोटो बघितले," संस्कृती म्हणाली. मग जरा थांबून, "एक विचारू? मी तुम्हाला एवढी काळी वाटले का?"

"अगं, काय बोलतेस हे?"

"लग्नाच्या सकाळी तुम्हीच म्हणाला होतात, मेकअपवालीला फार थर लावू देऊ नकोस, तुझा रंग आहे तसाच छान दिसतो. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा. आणि अल्बममध्ये मी मलाच ओळखू येत नाही."

तनुजा काहीतरी पुटपुटली, बघते म्हणाली आणि फोन ठेवला. आधी तिला छपाईवाल्याचाच राग आला. खात्री करायला तिने आपल्याच फाइली मोबाइलवर उघडल्या. सगळे चेहरे पिठासारखे पांढरे. पैठणीचा जरीकाठ कुठे संपतो आणि उजेड कुठे सुरू होतो तेही कळत नव्हतं. छपाईवाल्याने काहीच केलं नव्हतं. फाइलच तशी गेली होती.

मॉनिटरचा उजेड आणि रंग बरोबर आहेत का ते मोजणारं एक छोटं यंत्र तिने हौसेने घेतलं होतं आणि कपाटात टाकून दिलं होतं. ते काढून तिने पडद्यावर टांगलं. मॉनिटर हवा त्यापेक्षा कितीतरी मंद निघाला. मग तिला आठवलं. उन्हाळ्यात डोकं सारखं दुखायचं, म्हणून तिनेच ब्राइटनेस कमी केला होता आणि पुन्हा वाढवायचा राहून गेला होता. मंद पडद्यावर प्रत्येक फोटो काळवंडलेला दिसायचा, आणि ती प्रत्येकात उजेड वाढवत गेली होती. पडद्याच्या कोपऱ्यातला उजेडाचा आलेख उजव्या कडेला जाऊन आपटला होता, म्हणजे उजेड फार होऊन पांढऱ्यातले बारकावे उडतायत हे तो सांगत होता. पण डोळ्याला बरं दिसतंय ना, म्हणून तिने तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

तिला जरा हायसं वाटलं. संस्कृतीला काय सांगायचं ते वाक्यही तिने मनात जुळवलं: मॉनिटरचा घोळ झाला गं, तुझ्यात काही कमी नव्हतं.

अल्बम नव्याने करायला बसली तेव्हा आधी कोणत्या फोटोत किती उजेड वाढवला होता ते ती बघत गेली. मांडवातल्या गर्दीचे फोटो, अर्धा स्टॉप; एक स्टॉप म्हणजे उजेड थेट दुप्पट. नवऱ्या मुलाचे, अर्धा स्टॉप. मामा-मावश्यांचे, अर्धा. संस्कृतीचे एकटीचे फोटो आले. दीड स्टॉप. पुढचा, दीड. त्याच्या पुढचाही.

तनुजाचा हात थांबला. मॉनिटर तोच, दुपार तीच, कॅमेराही तोच. मग हा वरचा एक स्टॉप कुठून आला?

तिने सगळा उजेड काढून मूळ फोटो बघितला. गळ्याशी राहिलेली हळद, मानेवरचा घाम, नाकावरची चमक, आणि तो सावळा, तुकतुकीत रंग. फोटोत काहीच कमी नव्हतं. तोंडाने जे बोलली होती त्याच्या बरोबर उलटं तिच्या हाताने केलं होतं, आणि करताना तिला पत्ताही नव्हता. तिला स्वतःची शरम वाटली.

नवा अल्बम घेऊन ती चाकणला संस्कृतीच्या सासरी गेली. सासूबाई रतनबाईंनी दारातच हात धरला.

"या, या! बघा की, कसा शोभून दिसतोय!" हॉलच्या भिंतीवर आधीच्या अल्बममधला संस्कृतीचा पांढरा फोटो मोठा करून लावला होता. "येणारा-जाणारा इचारतोय, एवढी गोरीपान सून कुठनं आणली म्हून."

"काकू, तो फोटो चुकलाय. मी बरोबर करून आणलाय."

"चुकला आसंल तर आसंच चुकत जावा," रतनबाई हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

संस्कृती नुकतीच कंपनीतून आली होती, अजून युनिफॉर्ममध्येच होती. ती तनुजाला गच्चीवर घेऊन गेली. तनुजाने आधी मॉनिटरचं सांगितलं. संस्कृतीच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "असं होय," ती म्हणाली. "मी उगाच मनाला लावून घेतलं."

इथे थांबता आलं असतं.

"उगाच नाही," तनुजा म्हणाली. "मॉनिटरमुळे सगळेच उजळले. पण तुला मी सगळ्यांपेक्षा जास्त उजळलं. ते मॉनिटरने नाही केलं, संस्कृती. मी केलं."

संस्कृती कठड्याशी गेली. खालच्या रस्त्यावर कंटेनरची रांग खोळंबली होती, हॉर्न वाजत होते.

"मुद्दाम?"

"नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतंय."

संस्कृतीने नवा अल्बम उघडला. एका पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "ही मी." हसली मात्र नाही.

"खालचा फोटो बदलायला सांगू का काकूंना?"

"नको. त्यांना तोच आवडतो, नुसतं सांगून नाही उतरवणार त्या. माझं घर आहे, माझं मी बघीन." तिने अल्बम मिटून काखेत घेतला. "तुम्ही खरं सांगितलंत, ताई. पण मला लगेच बरं वाटेल असं नका समजू."

"नाही समजत."

खाली रतनबाईंनी चहा दिला, आणि शेजारणीच्या मुलीच्या लग्नालाही तनुजालाच बोलवायचं असं जाहीर करून टाकलं. पांढऱ्या फोटोखाली बसून तनुजाने चहा कसाबसा संपवला. संस्कृती कपडे बदलायला गेली होती, ती खाली आली नाही. तनुजाने थोडा वेळ वाट बघितली आणि मग निघाली.