सतरा नंबरचं झाकण

हात माझा पक्का आहे, पण सवयीचा गुलाम आहे. वीस वर्षं लेथवर तोफगोळ्यांच्या टोप्या कातल्या मी, आणि प्रत्येक टोपीच्या आतल्या कडेवर हातोडीने माझा नंबर ठोकला: सतरा. गोळा फुसका निघाला तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. फुटलेल्या गोळ्यावरचा नंबर मात्र कुणी कधी वाचला नाही.

माझा धाकटा भाऊ लढाईवर गेला आणि डावा कान गमावून आला. आपल्याच बाजूचा एक गोळा शत्रूपर्यंत न पोचता अलीकडेच, त्यांच्यातच पडला म्हणे. घरी पहिल्यांदा जेवायला बसला तेव्हा हसत म्हणाला, "ताई, तुझ्या हातचा नव्हता ना गं?" मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि ढसाढसा रडले.

म्हणून अवकाशयानाच्या कॅमेऱ्याचं झाकण बनवायचं काम आमच्या कारखान्यात आलं, तेव्हा मी फोरमनच्या हातातून ड्रॉइंग हिसकावलंच. यान शेजारच्या ग्रहावर उतरणार, धूळ खाली बसली की झाकण उघडणार, कॅमेरा बघणार. लेथ तीच, बाई तीच, आणि काम बघा कसलं! मालकांनी सगळ्यांना सरळ सांगितलं होतं, "यान पोचेपर्यंत पंपांचे भाग कातू. झाकण उघडलं तर यानवाल्यांचं पुढचं सगळं काम आपलं. नाही उघडलं तर लष्कराची ऑर्डर तयार आहे. परत गोळे."

तीन आठवडे मी त्या झाकणाला लेकरासारखं जपलं. आणि शेवटच्या दिवशी, झालं एकदाचं या आनंदात, हातोडी उचलली आणि आतल्या कडेवर ठक् ठक्. सतरा!

तोंडचं पाणी पळालं माझ्या. ठोकल्यामुळे कड फुगली होती, आणि फुगलेली कड अडकू शकते. लपवायचं? छे! तशीच फोरमनकडे गेले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो बाई, हा काय तोफगोळा आहे?" दुसरं करायला ना धातू उरला होता ना दिवस. त्यांनी फुगवटा घासून काढला, खोल गेलेला आकडा तेवढा राहिला, भिंगातून चारदा पाहिलं, यानवाल्यांना कळवलं. तिकडून उत्तर आलं, "चालेल. उघडेल बहुतेक."

बहुतेक! आठ महिने या शब्दाने माझं डोकं खाल्लं.

उतरायच्या दिवशी दुपारी सगळा कारखाना कँटीनमध्ये टीव्हीपुढे जमला. भाऊही आला होता, उजवा कान टीव्हीकडे करून बसला. "उतरलं!" अशी आरोळी उठली, टाळ्या झाल्या. मी हात घट्ट धरून बसले होते. पडदा काळा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काळाच.

मागून कुणीतरी म्हणालं, "चला, काढा गोळ्यांची ड्रॉइंगं."

माझं टाळकंच फिरलं. "जीभ आवर! गोळ्याला लागते तेवढीच अक्कल आणि तेवढाच घाम यालाही लागतो. त्याने माणसं बहिरी होतात, मरतात. याने घरबसल्या परका ग्रह दिसतो. कशात हात घालायचा हे कळायला फार शिकावं लागतं का रे?"

आणि तेवढ्यात, "अहो बाई, बघा, बघा!" फोरमन खुर्चीवरच चढले.

पडद्यावर वरून एकेक पट्टी उतरत होती. फिकट आभाळ. मग दगड, कधी कुणी न पाहिलेले दगड! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. शेवटची पट्टी आली तेव्हा खालच्या कोपऱ्यात उघड्या झाकणाची कड होती, आणि तिच्यावर माझ्या हातोडीचा, जरासा तिरका, सतरा.

कँटीनमध्ये एकच गोंधळ उडाला. भाऊ टेबलं ढकलत पडद्यापाशी गेला, त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि ओरडला, "ताई, हे तुझ्या हातचं गं!"

"हो रे, माझंच!" मी त्याच्या चांगल्या कानाशी ओरडले. या वेळी आम्ही दोघंही खरंखुरं हसलो.