बारा राजीनामे

“तुझं नाव यादीतून कुणी काढलंच नाही, मायर. तू स्वतः राजीनामा दिलास,” तेउन म्हणाला आणि दोरीने बांधलेला बारा पत्रांचा गठ्ठा त्याने टेबलावर टाकला.

तेउन फुटबॉल क्लबचा चिटणीस. मायर स्पायर आम्सटरडॅमच्या पूर्व भागात आंबवलेल्या काकड्यांची गाडी लावणारा, सत्तावीस वर्षं क्लबचा सभासद राहिलेला. रविवारी सामन्याआधी खेळाडूंच्या पोटऱ्यांना तेल चोळायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. जर्मन जाऊन आता तीन महिने झाले होते. एका शेतकऱ्याच्या गवताच्या माळ्यावर लपून मायर वाचला. बायको आणि दोन्ही मुली पोलंडमधल्या छावणीतून परतल्या नाहीत. घरात दुसरंच कुटुंब राहत होतं. उरली होती फक्त मैदानावरची, गोलमागची उभं राहायची जागा. तेवढी तरी परत मिळावी म्हणून तो आला होता.

एकेचाळीस साली जर्मनांचा हुकूम निघाला की क्लबात ज्यू नकोत. तेव्हा तेउन गाडीपाशी आला, एक काकडी खाल्ली आणि नजर चुकवत म्हणाला की, तुमची नावं आम्ही खोडायची हे जिवावर येतं; तुम्हीच पत्रं दिलीत तर क्लबची अब्रू राहील आणि तुमचीही. मायरला ते पटलं. क्लबला अडचणीत आणायचं नाही, एवढंच तर तो जन्मभर शिकला होता. क्लबातल्या बाकीच्या अकरा ज्यू सभासदांकडे तोच गेला. खोबेस न्हावी काही केल्या ऐकेना. काढायचं तर त्यांनी काढावं, मी का लिहून देऊ, असं तो म्हणत होता. मायरने तासभर बसून त्याची समजूत घातली. बाराही पत्रांच्या शेवटी क्लबचे आभार मानलेले होते.

आता तेउन नियम सांगत होता. नवा अर्ज करायचा, मग प्रतीक्षायादीत नाव लागेल. सांगता सांगता तेउनच कानकोंडा झाला. उठून त्याने दार लोटलं, गठ्ठ्याची दोरी सोडली आणि मायरचं पत्र बाहेर काढलं.

“हे फाडून टाकतो. पत्र आलंच नव्हतं असं समजू. रविवारी ये तू.”

“मग त्यांचीही फाड.”

“अरे, त्यांची फाडून काय उपयोग? अकरांतला एक तरी उरलाय का?”

“उपयोग काही नाही. सभासद म्हणून गेले, एवढं तरी होईल. खोबेसला मी सही करायला लावली, तेउन. मी.”

तेउन नखं बघू लागला. मग म्हणाला की, अकरा पत्रं म्हणजे सभा बोलवावी लागेल, लोक नाही नाही ते विचारतील, आता कशाला जुनं उकरायचं. माणूस वाईट नव्हता. युद्धाच्या शेवटच्या, उपासमारीच्या हिवाळ्यात त्याचीही आई गेली होती. पण मेलेल्या माणसांसाठी नियम वाकवायची त्याची छाती होईना.

“तुझं एकट्याचं करतो म्हणतोय ना मी,” तो शेवटी म्हणाला.

मायरने त्याच्या हातून आपलं पत्र घेतलं, खोबेसच्या पत्राखाली सरकवलं, बाराही कागदांच्या कडा सारख्या केल्या आणि दोरीची गाठ स्वतःच्या हाताने घट्ट बांधली.