डाग न उठलेली सून

चादर वर गेली आणि अंगणात जमलेली सगळी इमारत एका आवाजात ओरडली.

बुवांचे दोन शिष्य ती दोन टोकांना धरून उभे होते. काल रात्री बुवांनी स्वतःच्या हातांनी दिलेली पांढरीशुभ्र चादर, आणि आज सकाळी तिच्यावर रक्ताचे ठिपके! नवरा झोपतो त्या बाजूला तुरळक. बायको झोपते त्या बाजूला नुसता सडा.

"बघा, डोळे फाडून बघा!" प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले बुवा कडाडले. "या घरात सगळ्यांच्या अंगावर डाग. सासूच्या, नवऱ्याच्या, तान्ह्या पोरीच्यासुद्धा! आणि हिच्या अंगावर? एक नाही! जी चावते तिला कोण चावणार? रात्री ही रक्त पिते आणि तोंड पुसते ते या चादरीला!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. कुणीतरी आपलं पोर उचलून मागे सरकलं. आणि जिच्याबद्दल हे चाललं होतं ती सून जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिची पोर तिच्याकडे झेपावत होती, पण सासूने पोरीला घट्ट धरून ठेवलं होतं.

"उद्या सकाळी ही घराबाहेर जाईल," बुवांनी निकाल दिला. "पोर इथेच राहील. तोवर पलंग जागचा हलवायचा नाही. हलवला तर दोष घरभर पसरेल."

त्याच वेळी फाटकातून खांद्याला पिशवी अडकवलेली मास्तरीण आत आली. ती या घरातली मुलगी, सुनेची नणंद, दूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. रात्री वहिनीचा फोन आला होता, "वन्सं, चादरीवर डाग दिसले तर माझी पोर ठेवून घेणार आहेत हे लोक." एवढंच बोलून वहिनी रडत राहिली होती. मास्तरणीने मिळेल ती पहिली गाडी धरली होती.

तिने चादर पाहिली, बुवा पाहिला, भिंतीला टेकून मान खाली घातलेला स्वतःचा भाऊ पाहिला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, तुझी वाचा गेली का रे?" तिने घरात पाऊल टाकताच विचारलं. "दिवसभर भट्टीपाशी उभा राहून काच फुंकतोस, तेव्हा कुठला मंत्र म्हणतोस?"

"आईच्या पुढे काय बोलू?" दादा पुटपुटला.

"बायकोच्या मागे उभं राहायला बोलावं लागत नाही."

आईने बाही वर करून हात पुढे केला. हातावर लालबुंद गांधी, तीन-तीन एका ओळीत. "ही बघ बोटं उमटलीत. आणि तिचे हात बघ, कसे लोण्यासारखे आहेत."

"आई, ही बोटं नाहीत. ढेकूण चावलेत."

आईने असं तोंड केलं की जणू लेकीने चारचौघांत शिवी दिली. "ढेकूण? माझ्या घरात? दोनदा फरशी पुसते मी. कुणी ऐकलं तर काय म्हणेल!"

मास्तरणीला हसावं की रडावं कळेना. या इमारतीत ढेकूण झाले म्हणायची लाज होती, सून चेटकीण झाली म्हणायची नव्हती!

तिने पलंगावरची गादी उचलली. आई ओरडली, "अगं, हलवू नको म्हणून सांगितलंय!"

"म्हणूनच हलवतेय. जिथे बघू नको म्हणतात तिथे आधी बघावं."

उशाकडची फळी पेचकसाने सुटली, तशी आतली खाच उघडी पडली. खाचेत शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या गळलेल्या काती, खसखशीएवढी पांढरी अंडी. आणि त्यांच्यामध्ये उजेड पडताच पळू लागलेले चपटे, तपकिरी किडे. घाणीवर नाही, माणसाच्या रक्तावर जगणारे. त्यांना फरशी पुसलेली आहे की नाही याच्याशी काय घेणंदेणं?

"अगं बाई!" आईने पदर नाकाला लावला. पण क्षणभरच. "असतील ढेकूण. मग हिला का नाही चावत? ढेकणांनासुद्धा कळतंय ना ही कोण आहे ते?"

प्रश्न रागाचा होता, पण प्रश्न खरा होता. आणि उत्तर सांगून पटणार नव्हतं.

तिने पिशवीतून शाळेच्या दोन परीक्षानळ्या काढल्या. प्रत्येकीत एकेक चपटा, भुकेला ढेकूण सोडला आणि तोंडावर विरळ मलमल ताणून बांधली. "आई, एक तुझ्या हाताला लावते, एक वहिनीच्या. तो वहिनीला चावला नाही तर उद्या मी एक शब्द बोलणार नाही."

वहिनीने हात पुढे केला. नळ्या पालथ्या घालून कातडीला टेकवल्या. आईचे डोळे आपल्या हाताकडे नव्हते, सुनेच्या हाताकडे होते. थोडा वेळ किडा नुसता फिरला. मग थांबला. कापडातून त्याची सोंड खाली गेली आणि बघता बघता ते चपटं अंग फुगलं, लाल झालं.

"प्यायला की गं," आई नळीवर वाकून म्हणाली. "तिचंही रक्त प्यायला."

"दुखलं का वहिनी?"

"काहीच कळलं नाही."

मास्तरणीने दोन्ही हातांवर चावल्याच्या जागेभोवती पेनाने गोल काढला. संध्याकाळपर्यंत आईच्या गोलात गांध उठली. वहिनीचा गोल कोराच राहिला.

"काहींच्या कातडीवर वळ उठतो, काहींच्या उठत नाही," मास्तरीण म्हणाली. "तुला शिंगाडा खाल्ला की पुरळ येतं, मला येत नाही. म्हणून मी भूत झाले का? वहिनीला खाज नाही, म्हणून ती गाढ झोपते. कूस बदलते तेव्हा रक्त पिऊन टम्म झालेले ढेकूण तिच्याखाली चिरडतात. चादरीवर तिच्या बाजूला डाग जास्त, ते त्यामुळे."

आईने मांडीवरची पोर उचलली आणि सुनेच्या ओटीत ठेवली.

पण हे ढेकूण आले कुठून? मास्तरीण शेजारच्या काकूंकडे गेली. काकूंच्या मानेवरही गांधी होत्याच.

"आमच्याकडे ना, बुवांच्या गुरूंची पवित्र गादी एक रात्र मुक्कामाला होती, पोरांना तिच्यावरच झोपवलं," काकू कौतुकाने सांगू लागल्या. "पाळी लावून मिळते बरं. त्यानंतर डाग उठले. बुवा म्हणाले, गादी दोष आणत नाही, घरातला लपलेला दोष उघडा पाडते. मग त्यांनी दक्षिणा घेऊन धुरी दिली. आमचं कमी झालं आणि नेमकं तुमच्याकडे सुरू झालं!"

होणारच. धुराने ढेकूण मरत नाहीत, विजेच्या वायरीच्या भोकातून पलीकडच्या घरात जातात. मास्तरीण प्रत्येक दारात तोच प्रश्न विचारत गेली. डाग कधी उठले? काही घरांत गादीच्या मुक्कामानंतर, काहींत शेजारच्या धुरीनंतर. बुवा आधी रोग पाठवत होता आणि मागून औषध विकत होता.

सकाळी अंगण पुन्हा भरलं. मधोमध लाल मखमलीची, जाडजूड गादी. बाजूला खुर्चीत बुवा. "कुठंय ती?"

पुढे आली ती सासू. तिने आपला हात वर केला आणि सुनेचाही. "हे दोन गोल बघा. एकाच वेळी दोघींना ढेकूण चावला. मी डोळ्यांनी पाहिलंय. मला गांध उठली, हिला नाही उठली. एवढंच आहे ते. माझ्या सुनेत काही नाही."

कुजबुज सुरू झाली. बुवा हसले. "माउली, या चेटकिणीने तुमच्या डोळ्यांवर..."

"बुवा," मास्तरीण मध्येच म्हणाली, "त्या गादीवर जरा बसता का?"

"आम्ही सेवक! सेवक त्या गादीवर कसा बसेल?"

"इमारतीतली पोरं तिच्यावर झोपवलीत ती चालली? तुम्ही मात्र रोज प्लास्टिकच्या खुर्चीत! बसा की. निदान टेका तरी."

बुवा उठले, पण ते दोन पावलं मागे जायला. आता सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. मास्तरणीने कात्रीने गादीची शिवण उसवली आणि मखमल उलटी केली. आत काळे ठिपके, काती, आणि उन्हात आलेली ढेकणांची वळवळ.

काकूंनी किंकाळी फोडली. दोघेतिघे बाह्या सरसावून बुवाकडे धावले. मास्तरीण आडवी आली. "मारायचं नाही! याला पोलिसांत देऊ, तिथे उत्तर देईल. पण तुम्ही? याने खोटं सांगितलं, तुम्ही वहिनीच्या हातून पोर काढून घेतलीत. एकाने तरी गादी उचलून पाहिली का?"

मग तिने आवाज खाली आणला, राग मात्र तसाच होता. "आता ऐका. हे एका घराचं काम नाही, सगळ्या इमारतीने एकदम करायचं. अंथरूण-पांघरूण कडकडीत गरम पाण्यात धुवा. पलंग खोला, फटींतून वाफ फिरवा, भिंतींची भोकं बुजवा. रॉकेल ओतू नका, वाटेल ते विष फवारू नका, घरात लेकरं आहेत. जाणकार माणूस बोलवा, आणि अंडी फुटल्यावर त्याला पुन्हा बोलवा. यापुढे जुनं सामान तपासल्याशिवाय घरात घेऊ नका, मग ते कितीही पवित्र असो."

काकू पुढे आल्या. "पोरी, चुकलं आमचं. तुझ्या अंगावर डाग नव्हते म्हणून..."

पोरीला खांद्यावर घेत वहिनी म्हणाली, "आणि माझ्या अंगावर डाग असते तर काकू? मग चेटकीण ठरायची पाळी तुमच्यापैकी कुणाची होती?"

दादाने पेचकस उचलला आणि तो पलंग खोलायला आत गेला. वहिनी मात्र पायरीवरच थांबली. त्याच्या मागोमाग जायची तिला अजिबात घाई नव्हती.