नवव्यावरून थेट एक्केचाळिसाव्यावर

"घराच्या यादीत माझं नाव नाय रे, सोमनाथ," आक्का खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाली. "त्या सर्व्हेवाल्या पोरीनं माझ्यासमोरच भरलं व्हतं की मोबाइलवर सगळं."

पैठणहून सकाळच्या एसटीनं ती थेट उस्मानपुऱ्यात आमच्या ऑफिसात आली होती. रूपा, माझी थोरली बहीण. पैठणीच्या विणकरांकडे रेशमी धाग्याच्या कांड्या भरते, भाड्याच्या खोलीत एकटी राहते. नवरा सोळा वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच. कुठे आहे, कुणाबरोबर आहे, कुणाला ठाऊक नाही. एकट्या बायकांना स्वतःच्या नावावर घर मिळणार होतं. त्याचं सर्वेक्षण आमच्याकडे होतं आणि त्याचा ऑनलाइन फॉर्म मीच बांधला होता.

बांधला म्हणजे काय, तर कोणत्या उत्तरानंतर कोणता प्रश्न उघडायचा ते ठरवायचं. मूल नाही म्हटलं तर शाळेचे प्रश्न गाळायचे. शेत नसेल तर विहिरीचं विचारायचं नाही. एकशे अठरा प्रश्न, त्यांच्या अटी, अटींच्या पोटात आणखी अटी. चार मोठे कागद जोडून मी त्यावर बाण काढले होते. खोटं कशाला बोलू, त्या कागदाचा मला भारी अभिमान होता. आमचे साहेब, विश्वजीत सर, आल्यागेल्याला तो दाखवायचे.

मी आक्काची नोंद उघडली. प्रश्न नववा, वैवाहिक स्थिती. उत्तर, विवाहित. तिथून फॉर्मनं उडी मारली ती थेट एक्केचाळिसाव्यावर. एकट्या राहणाऱ्या बायकांचे प्रश्न तिच्यापुढे उघडलेच नव्हते.

"आक्का, तू विवाहित सांगितलंस?"

"मंग काय सांगू? शेजारच्या चौघी बसल्या व्हत्या तिथं. आन् लगीन झालंच हाय की माझं."

पहिल्या मसुद्यात दहावा प्रश्न होता: पती सध्या सोबत राहतात का? तो मीच काढला होता. बायामाणसांना चारचौघांत असलं कसं विचारायचं, म्हणून. आमच्या घरात आक्काला ते आजवर कुणी विचारलं नाही. पाहुण्यांनी चौकशी केली की 'दाजी पुण्याला कामाला आहेत' असं मीच पुढे होऊन सांगायचो. तीच घरची रीत मी फॉर्ममध्ये घातली आणि वर तिला सभ्यपणा म्हणालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

विश्वजीत सरांना जाऊन सगळं सांगितलं.

"अशा किती असतील?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही, सर. विवाहित म्हणणाऱ्या तीन हजार सहाशे आहेत. त्यांच्यातल्या कुणाचा नवरा निघून गेलाय, ते आपण विचारलंच नाही. आता शोधू कशात?"

"यादी मंजूर झालीय, सोमनाथ. आता तोंड उघडून उपयोग नाही. हरकती घ्यायचा आज शेवटचा दिवस आहे. बहिणीचा अर्ज तेवढा देऊन या."

बाकीच्यांचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी अर्ज लिहिला. पतीने सोळा वर्षांपूर्वी मला सोडले असून मी एकटी राहते, माझी विवाहित ही नोंद चुकीची आहे. आक्कानं ओळीखाली बोट फिरवत तो वाचला.

"असंच लिवावं लागतं व्हय?"

"लागतं, आक्का."

तिनं पदर सारखा केला. मग पेन घेऊन, एकेक अक्षर जपून काढत सही केली. आधी सौ., मग रूपा, मग नवऱ्याचं नाव, मग त्याचं आडनाव.

वर नवऱ्यानं सोडलं आणि खाली सहीत सौ., असला अर्ज हरकतींच्या टेबलावर टिकत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. कोरे कागद समोरच पडले होते.

"झाली ना नीट?" तिनं विचारलं. "लई दिसांनी केली सही."

"झाली की," मी म्हणालो आणि अर्जाची घडी घातली.