बाईसाहेबांचं खरं वर्ष

“काका, उजेड चाकावर नको. इकडे, माझ्या हाताजवळ.”

पिकअपखाली उताणी पडून ती चासीच्या पट्टीवरचा जुना रंग तारेच्या ब्रशने खरवडत होती. गंजाची भुकटी कपाळावर आणि पांढऱ्या होत चाललेल्या केसांत पडत होती. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने असं जमिनीवर लोळू नये, असं वडिलांनी सकाळीच सांगून पाहिलं होतं. पण गाडीचा प्रश्न निघाला की ती कुणाचंच ऐकत नसे.

बाहेर बुटक्या स्टुलावर वाकून टॉर्च धरलेले काका म्हणजे वडिलांचे बालमित्र. उभा जन्म मोटारींच्या शोरूममध्ये विक्रेता म्हणून काढल्यामुळे सगळे त्यांना शोरूमकाकाच म्हणत. ही पिकअपही त्यांनीच वडिलांना विकलेली, कोरी करकरीत, ती जन्मली त्याच साली. बहात्तरचं मॉडेल. ‘पोरगी आणि गाडी एकाच वर्षाच्या’ हे वडील इतक्यांदा सांगत, की लहानपणी तिला आपल्याही अंगावर कुठेतरी नंबर कोरलेला असेल असं वाटायचं. वडील सुतार. त्यांनी केलेले पलंग नि कपाटं या गाडीनेच घरोघर पोचवली आणि घरात गाडीला बाईसाहेब हे नाव पडलं.

रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. तिथे वर्षावर्षाच्या रांगा लागत आणि गाडीचं वर्ष आधी पटवून द्यावं लागे. ते काम ओघानेच तिच्याकडे आलं. विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासण्याची तिची नोकरी. खोटे दावे पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे तिला माहीत होतं, जरा जास्तच माहीत होतं.

रंगाखालून चासीच्या नंबराची कोरलेली अक्षरं वर आली. चौथं अक्षर वर्षाचं. ती ते वाचणार तोच उजेड घसरून पुन्हा चाकावर गेला.

“काका, झोप लागली का?”

“हात अवघडला गं. राहू दे ना आता. बहात्तरचीच आहे, मी विकलीय.”

“थांबा हो, आलंच.” तिने बोटाने अक्षर चाचपलं, पुन्हा चाचपलं आणि सरपटत बाहेर आली. “बाबा, बाहेर या! बाईसाहेबांनी वय चोरलंय!”

वडील कारखान्यातून चहाचे पेले घेऊन आले. एव्हाना तिने बॉनेट उघडलं होतं. अशा वेळी तिच्या अंगात यायचं.

“एकाहत्तरची आहे. नंबरच सांगतोय. आणि ही मागची काच बघा, केवढीशी! बहात्तरला मोठी केली होती. दाराची मूठसुद्धा जुनी. फक्त तोंड बहात्तरचं, जाळी आणि दिवे. आता हे बघा.” तिने जाळीमागे बोट दाखवलं. “ही जुन्या जाळीची भोकं. पुट्टीने बुजवलीत आणि वरून रंग मारलाय. आदल्या वर्षीचा न खपलेला माल असायचा ना, त्याला शोरूममध्येच नवं तोंड लावायचे आणि चालू सालची म्हणून भोळ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचे. असले चोर मला रोज भेट—”

तिने जीभ चावली. शोरूमकाका भर दुपारी पेटलेला टॉर्च धरून उभे होते आणि उजेड त्यांच्या स्वतःच्याच बुटांवर पडला होता.

मग वडिलांनी पेले लाकडाच्या फळीवर ठेवले.

“ते मीच लावून घेतलं होतं,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“गाडी एकाहत्तरची म्हणूनच घेतली होती. स्वस्तात मिळत होती. मग तू झालीस. चारचौघांत मिरवायला नवं तोंड बसवून घेतलं. काय बिघडलं?”

शोरूमकाकांनी घसा साफ केला.

“मी नको म्हणत होतो याला,” ते म्हणाले. “पण ऐकेल तर ना. हट्टच होता याचा.”

एकाने सुरुवात करायची आणि दुसऱ्याने री ओढायची, असल्या जबान्या ती रोज ऐकत होती. पुट्टीवरचा रंग गाडीचा पहिलाच रंग होता. म्हणजे हे तोंड घेऊनच गाडी दारात आली होती. दुसरं कुणी असतं तर तिने दोन प्रश्नांत भंबेरी उडवली असती. आता तिला वडिलांकडे बघवेना, आणि काकांकडे तर नाहीच.

“असेल,” ती म्हणाली. “खालचा एक बोल्ट बघायचा राहिला.”

ती पुन्हा गाडीखाली शिरली. बोल्ट वगैरे काही नव्हता. शरमेने तिचे कान तापले होते. आपल्याला सगळं कळतं हे दाखवायची एवढी घाई कशाला होती, असं वाटून तिने ब्रश पोटावर ठेवला आणि पडून राहिली.

खालून दोघांचे फक्त पाय दिसत होते. वडिलांच्या रबरी चपलांवर लाकडाचा भुसा होता. काकांचे काळे बूट निवृत्तीनंतरही रोज पॉलिश होत. बूट फाटकाकडे निघाले, थांबले आणि परत आले.

“तू का अंगावर घेतलंस?” काकांनी दबक्या आवाजात विचारलं.

“चहा घे.”

“मी काय म्हणालो ते ऐकलंस ना? मी नको म्हणत होतो म्हणे! या वयातसुद्धा तोंडातून तेच निघालं.” बूट जागच्या जागी हलले. “बाकीची गिऱ्हाइकं वाकून वाकून बघायची. त्यांना ती गाडी देताच येईना. तू बघणार नव्हतास. म्हणून तुला दिली.”

तिने डोळे मिटून घेतले.

“बघितली होती मी,” वडील म्हणाले.

“कधी?”

“ही रांगत होती तेव्हा. मागची काच फुटली. नवी आणली तर ती बसेना. दुकानदार हसायला लागला.”

“आणि बोलला नाहीस?”

“चार महिने धड बोलत नव्हतो तुझ्याशी. तुला वाटलं, माझा धंदा बसला. रोज बिस्किटांचा पुडा घेऊन धीर द्यायला यायचास. राग तरी किती दिवस टिकवायचा?”

बूट एक पाऊल मागे सरकले.

“म्हणजे मी इथे बसून सांगायचो... आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला फसवलं नाही म्हणून...”

“हं.”

“आणि तू ऐकून घ्यायचास. देवमाणूस आहेस रे तू.”

“देवमाणूस कसला!” वडील जरा चिडूनच म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. “मजा यायची मला. तू छाती फुगवून सांगायचास आणि मी हळूच जाळीकडे बघायचो. कधीकधी मीच विषय काढायचो. चार माणसं बसलेली असली की हटकून.”

“परवा जावयासमोर काढलास, तेव्हासुद्धा?”

“तेव्हासुद्धा.”

गाडीखाली तिला परवाची संध्याकाळ आठवली. ‘सांग रे याला तुझ्या शोरूमच्या गोष्टी,’ असं वडील तिच्या नवऱ्यासमोर म्हणाले होते आणि गालात हसले होते. किती जीव आहे दोघांचा एकमेकांवर, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं. वडिलांची एक चप्पल आता दुसऱ्या चपलेवर घासत होती. चुकून काही फोडलेल्या मुलासारखे ते उभे होते.

बूट फाटकाकडे वळतील अशी तिची खात्री होती. ते वळले नाहीत. दाराखालच्या पायरीवर काका टेकले तसे गाडीच्या स्प्रिंगचे पाटे करकरले आणि गाडी त्या बाजूने तिच्या अंगावर किंचित झुकली. थोड्या वेळाने वडीलही बसले. ती आणखी झुकली.

“मग रविवारी एकाहत्तरच्या रांगेत,” काका म्हणाले.

“तूच चालव.”

“मी कशाला?”

“लोक विचारतील, एकाहत्तरची गाडी आणि तोंड असं कसं. तू सांग.”

“काय सांगू?”

“झालं ते सांग.”

“सगळ्यांसमोर?”

“मी शेजारी बसतो ना,” वडील म्हणाले. “माझंही सांग.”

काका त्यावर काय म्हणाले ते तिला नीट ऐकू आलं नाही. पाटे मात्र दबलेलेच राहिले. नाकात गंज गेला होता आणि शिंक येऊ घातली होती. तिने नाक दाबून धरलं. आपण सगळं ऐकलंय हे कळू न देता आता बाहेर कसं यावं, ते तिला काही केल्या सुचेना.