पाइनवरची फवारणी

कोंबाच्या टोकाशी राळेचा एक थेंब सुकून बसला होता, आणि त्याच्या खाली, जिथे कोवळ्या सुयांनी सरळ वर यायला हवं होतं तिथे, त्या वाकून तपकिरी झालेल्या — अलकनंदाने भिंग आणखी जवळ नेलं — आणि बुडाशी काळे ठिपके, कुणी मोहरी कुटून भुरभुरवावी तसे. बुरशी. म्हणजे नवीन काहीच नाही. मागच्या रविवारी खालच्या फांदीवर होती, आज या फांदीवर. वरच्या फांद्यांकडे तर मान वर करून बघायचीही गरज उरलेली नव्हती...

"काय म्हणतंय झाड?"

बाबा अंगणात स्टुलावर बसून प्लास्टिकच्या बादलीत मोरचूद ढवळत होते. दुसऱ्या बादलीत चुना भिजत होता. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण हात संथ, थेंबही बाहेर न उडवणारे. नातवाला, निहारला, त्यांनी फोनवर 'मोरचूद' म्हटलं तेव्हा तो म्हणाला होता, आजोबा, वो क्या होता है? — आणि ते बराच वेळ हसले होते, आणि हसता हसता खोकला सुरू झाला होता.

"बघतेय," ती म्हणाली.

बघण्यासारखं काही नव्हतं. हेच कोंब दुसऱ्या कुणी दिल्लीला तिच्या प्रयोगशाळेत आणून दिले असते तर तिने दोन ओळी लिहिल्या असत्या: टोकाकडून सुरू झालेली मर खोडापर्यंत उतरली आहे, उपचाराचा उपयोग नाही, झाड काढावे. तीस वर्षं ती झाडांचे रोगच बघत आली. मोरचूद-चुन्याचं हे तांब्याचं औषध नुकताच फुटलेला कोंब निरोगी असेल तर त्याला वाचवतं, आत शिरलेल्या बुरशीला ते काहीही करत नाही, हे ती प्रशिक्षणाला आलेल्या मुलांना दरवर्षी सांगायची. आणि दर रविवारी गाडी काढून गुरुग्रामला यायची, भिंग लावायची, आणि म्हणायची — चला, अजून एकदा मारून बघू.

हे पाइनचं झाड आईने आणलेलं. बाबांची पहाडातल्या लॅन्सडाउनहून दिल्लीला बदली झाली तेव्हा, डब्यात, मांडीवर घेऊन. रत्नागिरीची बाई, समुद्रावरच्या सुरूशिवाय असलं झाड तिने पाहिलेलं नव्हतं, म्हणून शेवटपर्यंत तिने त्याला सुरूच म्हटलं. या हवेत ते जगणार नाही असं सगळ्यांनी सांगितलं होतं. ते जगलं — घर बांधल्यावर इथे आलं, वाढलं, आणि मग आजूबाजूला चार-चार मजले चढले, जमीन सिमेंटखाली गेली, उन्हाळे वाढत गेले... आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी पहिली फांदी तपकिरी झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला माहीत आहे, नाही. पण बाबा तेव्हा जेवणखाण सोडून नुसते खिडकीत बसायचे, आणि मी त्यांच्या हातात बादली दिली. बस, इतकंच.

बाबांनी चुन्याचं पाणी मोरचुदात सोडलं. निळं पाणी दुधाळ झालं. फवारणीचा पंप भरून पाठीला लावत ते उठले आणि पुन्हा खोकला आला, या वेळी लांबलेला, कोरडा, वाकवणारा. त्यांनी भिंतीला हात टेकला. डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात विचारलं होतं, घरात कुठली धूळ, कुठला फवारा? आणि बाबांनी शांतपणे नाही म्हणून सांगितलं होतं. ती शेजारच्याच खुर्चीवर होती. तीही बोलली नव्हती.

"बाबा, आज नको मारू या."

"का? वारा आहे?"

"वारा नाही." तिने भिंग मिटलं. "उपयोग नाही. झाड गेलंय."

तिला वाटलं होतं ते बसतील. ते बसले नाहीत. पट्टा खांद्यावरून उतरवून त्यांनी पंप नीट जमिनीवर ठेवला.

"कधीपासून?"

"मागच्या पावसाळ्यापासून... बहुतेक त्याच्याही आधीपासून."

"अच्छा," ते म्हणाले. "मला तसं वाटलंच होतं. खोडावर टिचकी मारली की पोकळ वाजतं."

"मग मारत का राहिलात? खोकला होतोय तुम्हाला!"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला गेलाय.

"तू यायचीस ना," ते म्हणाले. "जयदीप गेल्यावर तू सहा महिने घराबाहेर पडली नव्हतीस, नंदा. मग हे झाड आजारी पडलं. तू येऊन तासभर त्याच्याशी काहीतरी करायचीस, जाताना चेहरा बरा असायचा. म्हटलं, चालू दे."

नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून ती बऱ्याच दिवसांनी ऐकत होती. राग आला, तो आधी आला — कुणीतरी आपल्या नकळत आपली नोंद ठेवत होतं याचा — आणि मग तोही धड टिकला नाही. इतके दिवस आपण त्यांना सांभाळतोय असं समजून ती इतकी ताठ बसली होती, इतकी नेमकी, की ताठपणा गेल्यावर पाठ कशी ठेवायची तेच तिला कळेना.

"सुखदाच्या नवऱ्याला सांगतो," बाबा म्हणाले. सुखदा शेजारीण, तिचा नवरा पालिकेच्या बागांच्या खात्यात होता. "परवानगी काढून देईल. तोडायच्या दिवशी तू नाही आलीस तरी चालेल."

"येईन की."

"चलो, ठीक."

ते आत गेले. आतून चहाचं पातेलं ठेवल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग पुन्हा खोकला, थोडा. आता ते पुढच्या रविवारबद्दल विचारतील असं तिला वाटलं, आणि आपण त्याची वाट बघतोय हेही तिच्या लक्षात आलं. त्यांनी विचारलं नाही. विचारणारही नव्हते — त्यांच्या घरात कधी कुणी कुणाला नुसतं ये म्हटलेलं नव्हतं, काहीतरी काम असायचं, काहीतरी द्यायचं-घ्यायचं असायचं... काम नसताना हा माणूस माझ्याशी काय बोलतो? मी काय बोलते? पन्नाशी उलटून गेली आणि हे तिला खरंच माहीत नव्हतं.

"साखर किती घालू?" आतून बाबांनी विचारलं.

तिला इतकी वर्षं वाटत होतं, त्यांना ठाऊक असेल.

"एक चमचा," ती म्हणाली, आणि आवाज त्यांच्यापर्यंत पोचला की नाही याची खात्री न वाटून, आत गेली.